ऑइल बदलताय? आधी जुन्या फिल्टरची रबर रिंग शोधा

गाडीचं इंजिन ऑइल बदलताना जुना ऑइल फिल्टर, म्हणजे तेल गाळणारा डबा, काढलात की तो उलटा धरा आणि त्याच्या तोंडावरची काळी रबर रिंग त्याच्यावरच आहे ना, ते बघा. क्रमाने ही गोष्ट बरीच पुढे येते, पण मी ती सगळ्यात आधी सांगणार. गेल्या वर्षी मी नेमकं तेवढंच बघितलं नाही.

ठाण्यात वाघबीळला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी मी स्वतः ऑइल बदललं. तेल बरोबर होतं, फिल्टरही बरोबर होता. दोन मिनिटं इंजिन चालवून खाली बघितलं, थेंब नव्हता. दुपारी आईला घेऊन बेलापूरला निघालो आणि मानपाड्याच्या उड्डाणपुलावर तेलाच्या बुधलीचा लाल दिवा लागला. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. मागे वळून बघतो तर पुलावर तेलाचा चकचकीत पट्टा, आणि त्यावरून येणाऱ्या एका स्कूटरचं मागचं चाक सरकलं. मागे लहान मुलगी बसली होती. ती दोघं सावरली, पुढे गेली. पण तो क्षण अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

झालं होतं ते असं. जुन्या फिल्टरची रबर रिंग उष्णतेने इंजिनच्या बैठकीला, म्हणजे फिल्टर जिथे बसतो त्या जागेला, चिकटून राहिली होती, आणि मी तिच्यावरच नवा फिल्टर त्याच्या स्वतःच्या रिंगसकट चढवला. अशा दोन रिंगा एकमेकींवर बसल्या तर गाडी उभी असताना टिकतात. रस्त्यावर वेग वाढला, तेलाचा दाब वाढला की एक रिंग बाहेर ढकलली जाते आणि तेल पंपाच्या जोराने बाहेर येतं. म्हणून पार्किंगमध्ये दोन मिनिटं कोरडं दिसलं यावर विसंबू नका.

आता खरेदी. गाडीसोबत आलेली पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यातून काढा आणि तेलाचं पान उघडा. तिथे ग्रेड, म्हणजे तेल किती दाट-पातळ हवं ते, ५डब्ल्यू-३० अशा रूपात लिहिलेली असते, ती घ्या, विषय संपला. तरी कोणीतरी सांगणारच की मुंबई-ठाण्याच्या उकाड्यात जाड तेल टाका, २०डब्ल्यू-५० टाका. जुन्या, सैल झालेल्या इंजिनांसाठी ते चालून जायचं. आजच्या बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा तेलाच्याच दाबावर चालते, तिच्या वाटा बारीक असतात आणि त्या ठरावीक पातळपणा धरूनच बनवलेल्या असतात. ५डब्ल्यू-३० मधला मागचा ३० हा आकडा १०० अंश सेल्सिअसला तेल किती दाट राहतं ते सांगतो. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला आहे. ५डब्ल्यूची चाचणी उणे ३० अंशांना होते. ठाण्यात जानेवारीच्या पहाटेही स्वेटर जेमतेम लागतो, त्यामुळे या डब्ल्यूआधीच्या आकड्यावरून डोकं पिकवू नका. मागचा आकडा मात्र पुस्तिकेबाहेर नेऊ नका. पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० असेल तर ०डब्ल्यू-२०च.

मग डब्यावरचा एपीआयचा, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा, गोल शिक्का बघा. पेट्रोलसाठीचे वर्ग एसने सुरू होतात. एसएन हा २०१०चा, एसपी २०२०चा. वरचा वर्ग जुन्या गाडीला चालतो, म्हणजे पुस्तिकेत एसएन असेल आणि दुकानात एसपी मिळालं तर बिनधास्त घ्या. उलटं करू नका. खनिज की सिंथेटिक, हा वाद मी घालत नाही. ग्रेड आणि वर्ग जुळले की झालं.

डिझेलवाल्यांनी इथे जास्त लक्ष द्या. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना धुराड्यात काजळी अडवणारा डीपीएफ असतो. काजळी त्यात जळून जाते, पण तेलातल्या धातूंची राख जळत नाही, ती तिथेच साचते. म्हणून कमी राखेचं तेल लागतं. डब्यावर एसीईए (युरोपातल्या वाहन उत्पादकांची संघटना) सी२ किंवा सी३ असं लिहिलेलं असतं. यातलं कुठलं, ते पुस्तिका सांगेल. शंभर-दोनशे रुपये वाचवायला भलतं तेल टाकाल तर डीपीएफचा खर्च हजारांत जातो. आणि घरात दुचाकीसाठी आणलेलं तेल उरलंय म्हणून ते गाडीत ओतू नका.

किती लिटर? पुस्तिकेत दोन आकडे असतात, फिल्टरसह आणि फिल्टरशिवाय. फिल्टरसहचा घ्या. माझ्या गाडीला तीन लिटरच्या थोडं वर लागतं, म्हणून साडेतीन लिटरचा डबा आणतो. उरलेलं झाकण घट्ट लावून ठेवतो.

फिल्टर नंबर बघूनच मागा. नुसतं मॉडेलचं नाव सांगू नका, एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक इंजिन बदललेलं असतं. चेसिस नंबरचा फोटो दाखवा. फिल्टर वरून सारखाच दिसला तरी आटे आणि रिंगचा व्यास वेगळा असू शकतो, आणि आतले व्हॉल्व्ह तर दिसतच नाहीत. एक व्हॉल्व्ह गाडी बंद असताना फिल्टरमधलं तेल मागे ओघळू देत नाही. तो बाद असेल तर सकाळी पहिल्या स्टार्टला इंजिन क्षणभर कोरडं खडखडतं. दुसरा, फिल्टर तुंबला तर तेल न गाळताच पुढे सोडतो, कारण घाण तेल परवडलं, पण तेलच न मिळणं इंजिनला परवडत नाही. नकली फिल्टरमध्ये हे दोन्ही असतील याची काय खात्री? पक्कं बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या, सील आणि होलोग्राम बघा, आणि दुकानातच खोकं उघडून नव्या रिंगवरून बोट फिरवा. ती गुळगुळीत, मऊ आणि खाचेत नीट बसलेली हवी. ही नवी रिंग. जुनीचं काय करायचं ते परत सांगणारच आहे.

ड्रेन बोल्टचा, म्हणजे जुनं तेल सोडायच्या इंजिनखालच्या बोल्टचा, वॉशर विसरू नका. तो दाबला जाऊन बसतो, दर वेळी नवाच टाकायचा. फिल्टरसोबतच मागा.

हत्यारांत बोल्टच्या मापाचा रिंग पाना, फिल्टर काढायचा पट्टा, नरसाळं, तेल धरायला रुंद घमेलं, फडकी, हातमोजे आणि बॅटरी (टॉर्च) हवी. रिंग शोधायला बॅटरी लागतेच, पार्किंगमध्ये गाडीखाली अंधार असतो. गाडी उचलणार असाल तर स्टँड लावाच. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कोणीही जायचं नाही, दोन मिनिटांसाठीही नाही. रॅम्पच्या उतारावर हे काम करू नका.

इंजिन कोमट करा, उकळतं नको. बोल्ट काढा, तेल पूर्ण निथळू द्या. फिल्टर काढा. आता तो उलटा करा. रिंग आहे? असेल तर ठीक. नसेल तर ती इंजिनला चिकटलेली आहे, नखाने सोलून काढा. आणि रिंग हातात आली तरी बैठक फडक्याने पुसून बॅटरी मारून बघाच, अर्धा तुकडाही तिथे राहता कामा नये. जुनी रिंग डोळ्यांना दिसल्याशिवाय नवा फिल्टर हातात घेऊ नका. मी तर आता जुनी रिंग काढून बॉनेटवर ठेवतो आणि मगच पुढचं काम करतो.

नव्या रिंगला बोटाने तेल लावा. फिल्टर हाताने बसवा, रबर टेकलं की आणखी पाऊण फेरी, किंवा खोक्यावर लिहिलं असेल तेवढी. पाना लावू नका. वॉशर, बोल्ट, मग तेल. थोडं कमी ओता, इंजिन मिनिटभर चालवा, पाच मिनिटं थांबा, डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी दाखवणारी पट्टी, बघा, लागेल तसं भरा. जास्त झालं तर फेस होतो.

खाली बघा. गल्लीत एक फेरी मारून परत बघा. घोडबंदर रोडला लागायच्या आधी तिसऱ्यांदा बघा.

जुनं तेल डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या, तो ते रिसायकलवाल्याला देतो. गटारात ओतू नका. आपल्याकडचे नाले ठाणे खाडीला मिळतात, तिथे फ्लेमिंगो उतरतात, २०२२ पासून तो रामसर दर्जाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचा, पाणथळ प्रदेश आहे. जुना फिल्टर उलटा ठेवून निथळवा आणि तोही त्याच्याकडेच द्या. किलोमीटर आणि तारीख लिहून ठेवा. कासारवडवली ते माजिवडा रोज खोळंबत जात असाल तर पुस्तिकेतला खडतर वापराचा, म्हणजे लवकर बदलायचा आकडा धरा.