स्त्रीवादी अभ्यासगटात जात आणि वंशाच्या प्रश्नावर चर्चा कशी घडवावी

नागपुरातल्या एखाद्या स्त्री-अभ्यासगटाने इंटरसेक्शनॅलिटी, म्हणजे जात, वंश, लिंग असे भेद एकाच व्यक्तीवर एकत्र कसे काम करतात, हा विषय घेतला की बैठक बहुधा अमेरिकेपासून सुरू होते आणि ‘तुमची भूमिका सवर्ण आहे’, ‘तुम्ही चळवळीत फूट पाडता’ या दोन वाक्यांपाशी येऊन अडते. ते टाळायचे असेल तर पहिल्या बैठकीत कोणालाही मत विचारू नये, आधी घटना समोर ठेवाव्यात. जी व्यक्ती एकाच वेळी स्त्री आहे आणि दलित किंवा कृष्णवर्णीयही आहे, तिच्यावरचा अन्याय संघटनेच्या किंवा कायद्याच्या नजरेतून कसा निसटला, एवढा एकच प्रश्न प्रत्येक घटनेला विचारावा.

पहिली घटना याच शहरातली घ्यावी. डिसेंबर १९३७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरात भरले होते. स्त्रियांच्या एकजुटीची भाषा बोलणाऱ्या त्या अधिवेशनात, हमालीच्या कामापासून सुरुवात करून पुढे चोखामेळा कन्याशाळा उभी करणाऱ्या दलित कार्यकर्त्या जाईबाई चौधरी यांना जेवणाच्या वेळी वेगळे बसवण्यात आले. दलित स्त्रियांनी त्याचा जाहीर सभा घेऊन निषेध केला. त्यानंतर २० जुलै १९४२ रोजी सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली नागपुरात दलित महिलांची स्वतंत्र परिषद भरली. तिच्या ठरावांत घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीत्वाला बंदी या मागण्यांच्या जोडीला गिरण्यांत व विडी कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रियांच्या रजेची मागणीही होती. हे ठराव बैठकीत मोठ्याने वाचावेत आणि त्यांतले कोणते १९३७ च्या मंडपात मांडले गेले असते, याचा अंदाज सर्वांनी करावा. ‘वेगळी चूल कशाला’ या आक्षेपावर नंतर जी चर्चा होते, ती या वाचनामुळे पुष्कळ सोपी जाते.

यानंतर अमेरिकेकडे वळावे. जनरल मोटर्सच्या विरोधात पाच कृष्णवर्णीय स्त्रियांनी दावा लावला होता. कंपनीने १९६४ पूर्वी कृष्णवर्णीय स्त्रियांना कामावर घेतलेच नव्हते आणि पुढे मंदीत कपात करताना सेवाज्येष्ठतेचा नियम लावल्यामुळे नव्याने लागलेल्या या स्त्रियाच आधी बाहेर पडल्या. परंतु कंपनीत स्त्रिया होत्या, म्हणजे गोऱ्या स्त्रिया होत्या, म्हणून लिंगभेद झाला असे न्यायालयाला वाटले नाही. आणि वंश व लिंग मिळून एकत्रित दावा करता येईल, हे त्याने १९७६ मध्ये नाकारले. कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ च्या लेखात इंटरसेक्शनॅलिटी ही संकल्पना मांडताना याच निकालाची चिरफाड केली. संकल्पनेचा उगम असा ठोस आहे, हे सदस्यांना कळले की तिच्याकडे केवळ ओळखींची यादी म्हणून पाहण्याची सवय कमी होते.

तिसरी घटना खैरलांजीची. भंडारा जिल्ह्यात सप्टेंबर २००६ मध्ये भोतमांगे या दलित कुटुंबातील चौघांची, त्यांत आई व मुलीची, हत्या झाली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१० मध्ये आरोपींना शिक्षा दिल्या, पण ॲट्रॉसिटी कायदा दोन्ही ठिकाणी लागू झाला नाही. जात आणि स्त्रीत्व यांना कायदा एकत्र पाहू शकतो का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये, एका अंध दलित स्त्रीवरील अत्याचाराच्या खटल्यात, सविस्तर चर्चिला. ही दोन्ही प्रकरणे एकाच बैठकीत ठेवावीत. मात्र खैरलांजीचा विषय निघणार आहे हे आठवडाभर आधी कळवावे, छायाचित्रे मुळीच दाखवू नयेत, आणि गटातल्या बौद्ध मैत्रिणींनी अनुभव सांगावेत अशी अपेक्षा धरू नये. आपले शिक्षण करण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकणे हा नवा अन्यायच आहे.

वंश आणि जात एकच आहेत, अशी घाई कोणी केली तर तिथे थांबावे. डर्बन येथे २००१ मध्ये झालेल्या वंशवादविरोधी जागतिक परिषदेत जातीचा समावेश व्हावा, असा दलित संघटनांचा आग्रह होता आणि भारत सरकारचा त्याला विरोध होता. अमेरिकेत कातडीचा रंग जे काम करतो, ते आपल्याकडे आडनाव आणि पत्ता करतात. ‘राहता कुठे?’ या साध्या प्रश्नाचे उत्तर इंदोरा ही दलित वस्ती की धरमपेठ ही सवर्ण वस्ती, यावर नागपुरात पुढच्या बोलण्याचा सूर ठरतो. कुमुद पावडे यांनी ‘अंतःस्फोट’ या आत्मकथनात लिहिलेला प्रसंग इथे वाचावा: संस्कृतची एम. ए. असलेल्या, दलित समाजातल्या कुमुद सोमकुवर यांना जी नोकरी मिळत नव्हती, ती सवर्ण घरात लग्न झाल्यावर बदललेल्या आडनावाने मिळाली. दुसरीकडे, परदेशी गेलेली सवर्ण स्त्री तिथे वंशभेद सोसत असतानाच जातीचा लाभही घेऊ शकते. अमेरिकेतल्या सिएटल शहराने २०२३ मध्ये जातिभेदाला कायद्याने बंदी घातली, ती याच कारणाने.

आता वादाकडे. ‘मी जात मानत नाही’ असे कोणी म्हटले तर हेतूवर शंका घेऊ नये, परंतु मंडळाचा हिशेब मागावा: अध्यक्षपदी आजवर कोण बसले, बैठका कुठे भरल्या, चहा कोणी केला आणि कप कोणी धुतले. याउलट ‘ज्याचे दुःख त्यानेच बोलावे’ हे म्हणणे टोकाला गेले की सवर्ण सदस्या गप्प बसून जबाबदारीतून मोकळ्या होतात. दलित स्त्रिया वेगळे बोलतात, ही मांडणी राज्यशास्त्राचे अभ्यासक गोपाळ गुरू यांनी १९९५ मध्ये केली. तिला उत्तर देताना समाजशास्त्राच्या अभ्यासक शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये म्हटले की दलितेतर स्त्रियांनी दलित स्त्रियांच्या वतीने बोलू नये, पण दलित स्त्रियांच्या भूमिकेवरून स्वतःला घडवावे. मला रेगे यांचे म्हणणे अधिक कामाचे वाटते, कारण त्यात अभ्यासाचे कष्ट सर्वांच्या वाट्याला येतात.

व्यवस्थेचे थोडक्यात. प्रत्येक बैठक रामदासपेठेतच भरवू नये, आलटून पालटून उत्तर नागपुरात आणि मोमिनपुऱ्यातही भरवावी. सर्वांना एकत्र बोलवायचे असेल तेव्हा मध्यवर्ती बर्डी (सीताबर्डी) बरी, कारण मेट्रोच्या दोन्ही मार्गिका तिथेच मिळतात. घरकामाला जाणाऱ्या बायका दुपारी मोकळ्या असतात. संध्याकाळी सातची वेळ ठरवून ‘त्या येतच नाहीत’ असे म्हणू नये. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपास बैठक ठेवल्यास निम्म्या सदस्या दीक्षाभूमीवर असतील.

शेवटच्या बैठकीत २०२३ च्या महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती घ्यावी. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांत स्त्रियांचा वाटा तिने ठरवला, ओबीसी स्त्रियांसाठी स्वतंत्र तरतूद मात्र केली नाही. तिच्यावर वाद घडवताना बाजू चिठ्ठी काढून द्याव्यात, म्हणजे जन्मावरून मत गृहीत धरले जाणार नाही. इतिवृत्तात कोण किती वेळ बोलले याची नोंद ठेवावी आणि पुढच्या वर्षाची विषयपत्रिका जिला सर्वांत कमी वेळ मिळाला, तिच्याकडे आधी सोपवावी.