टँकरच्या वाटेखाली जलवाहिनी घालताना

नवी मुंबईत ठाणे खाडीलगतच्या बऱ्याच जमिनीत वर मुरमाचा भराव आणि खाली खाडीची मऊ, काळसर चिकणमाती असते. अशा जमिनीवरील गृहसंस्थेने आतल्या रस्त्याखालून नवी वाहिनी घालायचे ठरवले की चर्चा पाईपच्या दरावरच रंगते. वास्तविक चर किती खोल घ्यायचा आणि तो कशाने भरायचा, हे आधी ठरवले पाहिजे.

चराची खोली ठरवताना दोन भार मोजावेत. फ्रेंच शास्त्रज्ञ बूसिनेस्क यांच्या 1885 च्या सूत्राप्रमाणे चाकाच्या भाराचा दाब खोलीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात विरत जातो, म्हणजे खोली दुप्पट झाली की दाब चौथाई होतो. टँकरच्या मागच्या आसाच्या एका बाजूच्या जोडचाकांवर 5 टन धरले, तर त्यांच्या बरोबर खाली अर्ध्या मीटरवर सुमारे 96, एक मीटरवर 24, दीड मीटरवर 11 आणि दोन मीटरवर केवळ 6 किलोपास्कल दाब येतो (1 किलोपास्कल म्हणजे चौरस मीटरवर साधारण 100 किलो वजन). मातीचे स्वतःचे वजन मात्र खोलीबरोबर वाढते आणि याच खोल्यांवर ते साधारण 9, 18, 27 आणि 36 किलोपास्कल भरते. बेरीज केल्यास अर्ध्या मीटरवर 105, एका मीटरवर 42, दीड मीटरवर 38 आणि दोन मीटरवर पुन्हा 42 येते. म्हणजे ‘जितके खोल तितके सुरक्षित’ हा समज खरा नाही. पाईपच्या माथ्यावर एक ते दीड मीटर माती पुरेशी असते, आणि गतिरोधकाजवळ चाकाचा हादरा जादा बसत असल्याने वाहिनी तेथून शक्यतो दूर ठेवावी.

यापुढचे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच ते सर्वाधिक बिघडते. एचडीपीई, म्हणजे लवचिक प्लॅस्टिकचा पाईप भाराखाली किंचित चपटा होऊन कुशीला फुगतो, आणि त्या फुगण्याला बाजूची माती जेवढा अटकाव करते तेवढाच तो तग धरतो. अमेरिकी अभियंते स्पँगलर यांनी 1941 मध्ये लवचिक पाईपांसाठी मांडलेल्या सूत्राचा गाभा हाच आहे. त्यामुळे तळाशी वाळूचा समतल थर द्यावा, पाईपच्या कुशीखालची पोकळी हाताने ठासून भरावी आणि दोन्ही बाजूंनी एकाच वेळी, 150 मिलिमीटरच्या थरांत, दगडगोटे काढलेला ओलसर मुरूम धुमसाने ठोकत वर यावे. एकच बाजू आधी भरली तर पाईप सरकतो. माथ्यावर 300 मिलिमीटर भराव होईपर्यंत यांत्रिक धुमस पाईपवर चालवू नये. खणून निघालेली खाडीची माती पुन्हा चरात लोटण्याचा मोह ठेकेदाराला हमखास होतो. ती बाहेरच ठेवावी, कारण ओली चिकणमाती कितीही ठोकली तरी बाजूला आधार देत नाही. आरसीसी, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटचा पाईप चपटा होत नाही, तो तडकतो; त्याला तळाशी अखंड आधार लागतो, म्हणून प्रत्येक सांध्याखाली तोंडापुरता खळगा करावा, नाहीतर सारा भार तोंडांवरच पेलला जाईल.

वाहिनी ठाणे–वाशी लोहमार्गाखालून न्यायची असल्यास उघडा चर खणण्याचा विचारही करू नये. रूळ वाकून चाकाचा भार शेजारच्या अनेक स्लीपरांवर (रुळांखालच्या आडव्या तुळयांवर) वाटतो, स्लीपर तो खडीत आणि खडी तो खालच्या भरावात पसरवते. या साखळीत एका जागी माती खचली की तिथला स्लीपर अधांतरी राहतो, शेजाऱ्यांवर जादा भार येतो आणि प्रत्येक गाडीबरोबर खड्डा वाढतो. म्हणून रेल्वेच्या परवानगीने आणि देखरेखीखाली बाजूने संरक्षक पाईप ढकलून त्यातूनच वाहिनी न्यावी.

इमारतीजवळचा सांधा ही सहसा विसरली जाणारी जागा. पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांवर उभी असलेली इमारत जवळपास खचत नाही, पण भोवतालचा भराव खालच्या चिकणमातीतले पाणी हळूहळू बाहेर पडत असल्याने वर्षानुवर्षे बसत जातो. भिंतीत घट्ट बसवलेली वाहिनी मग नेमकी भिंतीच्या कडेला तुटते. भिंतीतील भोक पाईपपेक्षा मोठे ठेवून मोकळी जागा लवचिक पदार्थाने भरावी आणि भिंतीबाहेर लगेच दोन लवचिक सांध्यांमध्ये आखूड तुकडा बसवावा, म्हणजे तो बिजागरीसारखा कलू शकतो.

सांधे मातीने झाकण्याआधीच वाहिनीची दाबचाचणी घ्यावी. चरावर पेव्हर ब्लॉक तात्पुरते मांडावेत आणि एक पावसाळा उलटल्यावर, जिथे खळगा पडला असेल तिथे मुरूम ठोकून मगच ते पक्के करावेत.