जुना राउटर फेकू नका, आतल्या खोलीत वायफाय त्याच्यावरच चालेल

फायबर घेतलं की नवीन बॉक्स येतो आणि आधीचा राउटर माळ्यावर जातो, आणि मग आतल्या बेडरूममध्ये रेंज नाही म्हणून लोक दीड-दोन हजाराचा एक्स्टेंडर मागवतात. अहो आधी माळ्यावरचा काढा की! फोनच्या वायरवर चालणारा जुना ब्रॉडबँडवाला राउटर असला तरी चालतो, कारण आपल्याला त्याचा फोनचा पोर्ट नकोच आहे, फक्त लॅन पोर्ट (नेटची केबल घालायची खाच) आणि वायफाय पाहिजे. अ‍ॅडॉप्टर मात्र त्याचाच लावा. ९ व्होल्टच्या राउटरला १२ चा लावलात तर तो जळू शकतो, मागच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं ते वाचा.

माझं स्पष्ट मत, दोन राउटरच्या मध्ये केबल टाका. रिपीटर मोड, म्हणजे जुना राउटर केबलशिवाय मेनचं वायफाय पकडून पुढे देतो तो प्रकार, सोपा वाटतो पण त्यात एकाच रेडिओला मेन राउटरशीही (म्हणजे फायबरच्या नवीन बॉक्सशी) बोलायचं असतं आणि तुमच्या फोनशीही, त्यामुळे स्पीड साधारण निम्म्यावर येतो. शिवाय जिथे रेंजच नाही तिथे ठेवला तर तो पुढे तरी काय देणार. कॅट ५ई किंवा कॅट ६ ची वायर १०० मीटरपर्यंत आरामात चालते, दाराच्या चौकटीच्या कडेने केसिंग पट्टीतून नेली की दिसतही नाही.

आता सेटिंग. मेन राउटरला अजून जोडू नका. पॉवर चालू ठेवून जुन्याचं रिसेटचं बारीक भोक टाचणीने १० सेकंद दाबून धरा, सगळे लाइट एकदम लागून विझले की झालं. मग लॅपटॉप वायरने त्याच्या लॅन पोर्टला लावायचा आणि ब्राउझरमध्ये स्टिकरवरचा पत्ता टाकायचा, बहुतेक १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो. आत गेल्यावर अ‍ॅक्सेस पॉइंट मोड (यात राउटर फक्त वायफाय देतो, बाकी काम मेनवर सोडतो) असा पर्याय दिसला तर तोच निवडा, बरंच काम तो स्वतःच करतो. नसेल तर हाताने करायचं, आणि इथे क्रम महत्त्वाचा आहे.

आधी वायफाय. नाव आणि पासवर्ड मेनसारखाच ठेवा, अक्षर न अक्षर तेच, म्हणजे फोन हॉलमधून आत गेला की आपोआप पकडतो. सिक्युरिटी, म्हणजे वायफायच्या कुलपाचा प्रकार, डब्ल्यूपीए२ आणि एईएस ठेवा, टीकेआयपी हा जुना प्रकार ठेवला तर वायफाय ५४ एमबीपीएसच्या वर जातच नाही. चॅनेल मेनचा १ असेल तर याचा ६ किंवा ११ ठेवा, २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे हेच तीन. अ‍ॅडमिनचा पासवर्डही आत्ताच बदलून टाका, जुन्या राउटरवर तो बहुतेक अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिनच असतो आणि तो सगळ्यांना माहिती असतो.

मग लॅनचा आयपी, म्हणजे घरच्या नेटवर्कमधला या राउटरचा पत्ता. मेनचा १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या, जिओफायबरवाल्यांचा मेन सहसा १९२.१६८.२९.१ असतो तर त्यांनी १९२.१६८.२९.२. फक्त मेन राउटर फोन-लॅपटॉपना ज्या नंबरांमधून आयपी वाटतो त्यात हा नंबर येत नाही ना ते बघून घ्या. सेव्ह केलं की राउटर रीस्टार्ट होईल, मग नवीन पत्त्यावर परत लॉगिन करायचं.

सगळ्यात शेवटी जुन्याचं डीएचसीपी, म्हणजे आपोआप आयपी वाटण्याचं काम, बंद. हे आधी बंद केलंत तर लॅपटॉपला आयपीच मिळणार नाही आणि आत जाता येणार नाही, आणि बंद करायचं विसरलात तर घरात दोन्ही राउटर आयपी वाटत बसतील आणि कुणाचं नेट चालेल कुणाचं नाही असा गोंधळ होईल.

आता केबल. मेनच्या लॅनमधून जुन्याच्या लॅनमध्ये. वॅन किंवा इंटरनेट लिहिलेल्या, बऱ्याचदा निळ्या पोर्टमध्ये घालू नका, नाहीतर वेगळंच नेटवर्क तयार होतं आणि आतल्या खोलीतल्या लॅपटॉपला हॉलमधला प्रिंटर दिसत नाही (अ‍ॅक्सेस पॉइंट मोड मिळाला असेल तर वॅनही चालतो).

राउटर लोखंडी कपाटामागे किंवा आरशाजवळ नको, दोन्ही सिग्नल अडवतात. उंचावर, मोकळ्यावर ठेवा. जुन्याचा पोर्ट १०० एमबीपीएसचा असेल तर त्या खोलीत त्याहून जास्त मिळणार नाही, पण मुलांचा क्लास, व्हिडिओ कॉल, टीव्ही, सगळं त्यात निवांत चालतं. आणि आत गेल्यावरही फोन हॉलचाच सिग्नल धरून बसत असेल तर मेनच्या सेटिंगमध्ये ट्रान्समिट पॉवर (सिग्नलचा जोर) मीडियम करून बघा.