हवाई वाहतूक नियंत्रकाची सूचना परत म्हणून दाखवताना

वैमानिकाने केवळ 'रॉजर' (संदेश मिळाला) म्हणून थांबू नये. धावपट्टीचा क्रमांक, उंची, दिशा, उंचीमापकात लावायचा हवेचा दाब आणि धावपट्टीबाहेर थांबण्याची सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवावी व शेवटी आपले कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरील विमानाचे ओळखनाव, सांगावे. ही अर्धीच बाजू झाली. नियंत्रकाने ते उत्तर लक्षपूर्वक ऐकावे, कारण आपण बोललो तेच परत येणार अशी कानाची अपेक्षा असते आणि नेमकी तिथेच चूक निसटते.

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरिफे बेटावर दोन बोइंग ७४७ विमानांची धावपट्टीवर टक्कर होऊन ५८३ जण मृत्युमुखी पडले. उड्डाणाची परवानगी नसताना एक विमान धावू लागले होते, आणि त्याच सुमारास दोन संदेश एकदम प्रसारित झाल्याने इशारा नीट ऐकू गेला नाही. म्हणूनच 'टेकऑफ' हा शब्द परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरावा, एरवी 'डिपार्चर' म्हणावे. बोलण्याआधी रेडिओच्या वारंवारितेवर दुसरे कोणी बोलत नाही ना, हे क्षणभर ऐकावे. मिळत्याजुळत्या कॉलसाइनची विमाने असल्यास नियंत्रकाने दोन्हींना आधीच सावध करावे. शंका उरली, तर सहवैमानिकाशी अंदाज जुळवत बसण्याऐवजी 'से अगेन' (पुन्हा सांगा) म्हणून थेट नियंत्रकालाच विचारावे.