हजार प्रतींची सवय सोडताना : छोट्या मराठी प्रकाशनसंस्थेने कामाची घडी कशी बदलावी

पहिली आवृत्ती हजार किंवा अकराशे प्रतींची काढायची, ही मराठीतली जुनी पद्धत ऑफसेट छपाईच्या, म्हणजे प्लेटांवरून होणाऱ्या छपाईच्या, हिशेबातून रूढ झाली. प्लेटा करण्याचा आणि मशीन लावण्याचा खर्च शंभर प्रतींना जेवढा येतो तेवढाच हजारांना येतो, त्यामुळे प्रती वाढवल्या की प्रतीमागचा दर उतरतो. ग्रंथालयांची खरेदी आणि प्रदर्शनांतली विक्री भरवशाची होती तोवर हा हिशेब जमतही होता. आता तो भरवसा उरलेला नाही, आणि प्रकाशकाचे भांडवल गोदामातल्या गठ्ठ्यांमध्ये अडकून पडते. म्हणूनच बदलाची सुरुवात वेबसाइटपासून न करता गोदामापासून करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

सर्वप्रथम प्रत्येक पुस्तकाच्या प्रती प्रत्यक्ष मोजाव्यात. छापलेल्या, पैसे जमा झालेल्या, विक्रेत्यांकडे उधारीवर असलेल्या, अभिप्रायासाठी किंवा भेट म्हणून दिलेल्या आणि खराब झालेल्या, असे वेगवेगळे रकाने ठेवावेत. विक्रेत्याकडे गेलेली प्रत विकली गेली असे धरू नये, कारण तीच प्रत वर्षभराने मळक्या मुखपृष्ठासह परत येऊ शकते. तीन वर्षांचे आकडे समोर मांडले की कोणते पुस्तक वर्षाला चाळीस प्रतींनी खपते आणि कोणते दोनशेंनी, हे स्पष्ट दिसते.

त्यानंतर आवृत्तीचा आकडा ठरवावा. समजा, डेमी आकाराच्या २०० पानी पुस्तकाच्या १,००० प्रती ऑफसेटवर ८० रुपये दराने छापल्या, तर ८०,००० रुपये एकदम गुंतले. तेच पुस्तक डिजिटल छपाईत, मागणीप्रमाणे थोडे थोडे काढल्यास, ११५ रुपयांना पडते असे धरू. किंमत ३०० रुपये, विक्रेत्याचे कमिशन ४० टक्के आणि लेखकाचे मानधन छापील किमतीवर १० टक्के, म्हणजे प्रकाशकाच्या हाती प्रतीमागे १५० रुपये येतात. दोन वर्षांत ३०० प्रती खपल्या तर ४५,००० रुपये आले. ऑफसेटवाल्याचे ३५,००० रुपये अजून अडकलेलेच आहेत, तर डिजिटलवाल्याने छपाईचे ३४,५०० रुपये भागवून १०,५०० रुपये अक्षरजुळणी, मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठासाठी मोकळे केले. या दरांनी दोन्ही पद्धतींचा खर्च साधारण ७०० प्रतींपाशी सारखा होतो. तेव्हा आपल्या छापखान्याचे खरे दर घेऊन हाच आकडा काढावा आणि तेवढी विक्री दोन वर्षांत होईल अशी खात्री नसेल, तर थोड्याच प्रती छापाव्यात. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. मात्र त्यामुळेच कागदावर आणि छपाईवर भरलेल्या कराचा परतावाही मिळत नाही. म्हणून दर विचारताना कर धरूनच विचारावा.

थोड्या प्रती वारंवार छापायच्या तर पुस्तकाची फाइल कायम तयार हवी, आणि माझ्या अनुभवाने सर्वाधिक अडचण इथेच येते. जुनी पुस्तके युनिकोड ही सर्व संगणकांवर चालणारी अक्षरपद्धत रुळण्यापूर्वीच्या फाँटमध्ये जुळवलेली असतात, अनेकदा अंतिम दुरुस्त्या केलेली फाइल छापखान्यातच राहिलेली असते. अशी फाइल सॉफ्टवेअरने युनिकोडमध्ये बदलताना पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर सरकते, रफार चुकतो आणि ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ असतील तिथे ‘सह्याद्रीच्या दर्या’ होतो. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांतला फरक संगणकाला कळत नाही, तो मुद्रितशोधकालाच कळतो. त्यामुळे रूपांतरानंतर संपूर्ण पुस्तक एकदा छापील प्रतीशी ताडून वाचून घ्यावे. हा खर्च वाचवू नये. सगळी यादी एकदम हाती न घेता, दरवर्षी स्थिर खपणारी पाच-सहा पुस्तके आधी घ्यावीत. शुद्ध झालेल्या एकाच मूळ फाइलवरून छपाईची पीडीएफ आणि ई-पुस्तक दोन्ही करावे आणि पुढची प्रत्येक दुरुस्ती त्या मूळ फाइलमध्येच करावी.

ई-पुस्तक किंवा श्राव्य पुस्तक काढण्याआधी लेखकाशी झालेला करार उघडून पाहावा. ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी पुस्तके २०१६च्या अखेरीस आली, तर स्टोरीटेल हे श्राव्य पुस्तकांचे ॲप भारतात २०१७ मध्ये सुरू झाले. त्याआधीच्या बहुतेक करारांत या हक्कांचा उल्लेख आढळत नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, करार करताना जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर त्या माध्यमापुरते हक्क प्रकाशकाकडे येत नाहीत. शिवाय याच कायद्यानुसार मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. अमेरिकेतल्या किंवा आखातातल्या मराठी वाचकाला ई-पुस्तक विकायचे असेल, तर हे कलम मोलाचे ठरते. छापील, ई-पुस्तक आणि श्राव्य यांचे मानधन वेगवेगळे लिहून लेखकाशी पुरवणी करार करावा. लेखक हयात नसतील तर वारसांची संमती घ्यावी.

प्रत्येक रूपाला स्वतंत्र आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, घ्यावा. राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून तो विनामूल्य मिळतो. पुस्तकाचे नाव सगळीकडे एकाच पद्धतीने लिहावे, देवनागरीत आणि रोमनमध्येही, नाहीतर शोधणाऱ्या वाचकाला पुस्तक सापडत नाही. छापलेल्या प्रती कितीही थोड्या असोत, १९५४च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना पाठवायच्या प्रती आधीच बाजूला काढाव्यात.

थेट वाचकाला पुस्तक पाठवताना टपाल खात्याच्या ‘ज्ञान पोस्ट’चा दर कुरिअरशी ताडून पाहावा, १ मे २०२५ रोजी ही सेवा सुरू झाली तेव्हा ३०० ग्रॅमपर्यंतचा दर कर वगळून २० रुपये होता. बांधणी झालेली पहिली प्रत हाती येताच वेष्टनासह वजनकाट्यावर ठेवावी. वजन ३०० ग्रॅमच्या किंचित वर जात असेल, तर पुढच्या छपाईला कागद थोडा हलका घेता येतो.