रोजच्या फोनवर बीटा टाकताय? या चुका टाळा

मिरग लागला की माझ्या दुकानात दोन तऱ्हेचे फोन येऊ लागतात. काही पावसात भिजलेले, काही बीटा टाकलेले, म्हणजे फोनच्या प्रणालीची पक्की व्हायच्या आधीची, चाचणीची आवृत्ती टाकलेले. भिजलेल्या फोनच्या मालकाला मी कधी बोलत नाही; पाऊस कुणाला विचारून येत नाही. बीटा मात्र माणूस स्वतःच्या बोटानं टाकतो, ‘मान्य आहे’ यावर टिचकी मारून टाकतो, आणि चार दिवसांनी फोन काउंटरवर ठेवून म्हणतो, “भाऊ, पहिल्यासारखा करून द्या. पण डेटा जायला नको.”

दोन्ही एकाच वेळी येतात त्याला कारण आहे. ॲपलची मोठी परिषद दरवर्षी मिरगाच्या आसपासच भरते. २०२३ साली ती ५ जूनला सुरू झाली, २०२४ साली १० जूनला, २०२५ साली ९ जूनला. भाषण आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होतं आणि संपल्यावर थोड्याच वेळात डेव्हलपर बीटा, म्हणजे ॲप बनवणाऱ्यांसाठीचा पहिला कच्चा बीटा, उतरवता येतो. पूर्वी त्यासाठी वर्षाला ९९ डॉलर भरावे लागत. २०२३ पासून साध्या ॲपल खात्यावर तो फुकट मिळू लागला, आणि तेव्हापासून बारावीतली पोरंसुद्धा बापाच्या आयफोनवर पहिल्याच रात्री बीटा टाकतात.

गोव्यातल्या फोंड्याच्या वरच्या बाजारात मी सोळा वर्षं फोन उघडतोय. बीटाशी माझं वैर नाही. माझा एक जुना फोन बारा महिने बीटावरच चालतो. पण त्यात सिम नाही, बँक नाही, घरचे फोटो नाहीत.

एकच फोन, आणि त्यावरच बीटा

बीटा म्हणजे शिंप्याकडचा कच्चे टाके घातलेला सदरा. मापाला घालून बघायचा असतो. तो घालून कुणी लग्नाला जात नाही.

आज माणसाचा धंदाच फोनवर आहे. मोपाच्या विमानतळावर भाडी करणाऱ्या टॅक्सीवाल्याचं बुकिंग फोनवर, पैसे फोनवर, घरी उशीर होईल हे सांगणं फोनवर. एकदा फोन पुसला गेला की यूपीआय पुन्हा जोडावं लागतं. त्यासाठी बँकेत नोंदवलेलं सिम त्याच फोनमध्ये हवं, त्यावरून एसएमएस जायला हवा. तो बीटात अडकला की पुढचं सगळं थांबलं. आणि नव्यानं जोडल्यावर निदान पहिले २४ तास पाच हजार रुपयांच्या वर पाठवता येत नाहीत. बँकेची ॲप्स वेगळीच. फोनमधली प्रणाली अधिकृत आहे ना, तिला कुणी हात लावलेला नाही ना, हे ती उघडताना तपासतात. कच्च्या आवृत्तीवर त्यांना शंका आली तर ती उघडतच नाहीत. काही ॲप्स तर सेटिंगमधलं ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ नुसतं चालू दिसलं तरी नकार देतात, त्यामुळे ते काम झाल्याबरोबर बंद करा.

घरात दुसरा फोन नसेल तर बीटा टाकू नका. माझं एवढंच मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

बाहेर पडताना खालची ओळ न वाचणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, म्हणून हिच्याबद्दल सविस्तर सांगतो.

२०२४ ची गोष्ट. सत्तरीतला एक पोरगा, गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवणारा. मे महिन्यात त्यानं अँड्रॉइड १५ चा बीटा टाकला. तीन महिने फोन झकास चालला. ऑगस्टच्या शेवटी बँकेचं ॲप उघडेना. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, ७ सप्टेंबरला, खरेदी तोंडावर, पैसे द्यायचे कसे? त्यानं बीटाच्या पानावर जाऊन बाहेर पडण्याचं बटण दाबलं. तिथं स्पष्ट लिहिलेलं असतं की मागच्या आवृत्तीवर नेणारं अपडेट येईल आणि ते घेतल्यावर फोनमधला सगळा डेटा पुसला जाईल. त्यानं ती ओळ वाचली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर अपडेट आलं. दिसायला नेहमीसारखंच: सिस्टम अपडेट, डाउनलोड करा, रीस्टार्ट करा. पोरगा माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या मांडवीचं, सामान आणायला निघाला होता. जाता जाता त्यानं टिचकी मारली आणि फोन चार्जिंगला लावून गेला. परत आला तर पडद्यावर नव्या फोनसारखं स्वागत.

फोटो क्लाउडवर होते, ते परत आले. नंबर आले. व्हॉट्सॲपही बरंचसं आलं. आजोबांचा आवाज आला नाही. आदल्या वर्षी वारलेले आजोबा त्याचे भजनातले गुरू. शेवटच्या दोन वर्षांत त्यानं त्यांचे चाळीसेक अभंग घरच्या ओसरीवर बसून फोनच्या रेकॉर्डरमध्ये घेतले होते. कुठल्या अभंगाला कुठली चाल, मध्येच थांबून “हय नव्हे, पुन्हा धर” असं सांगणं, सगळं त्यात होतं. रेकॉर्डरचा बॅकअप त्यानं कधी चालूच केला नव्हता. माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून तो म्हणाला, “दादा, बाकी काही नको. फक्त आवाज काढून द्या.”

निघत नाही. का ते समजून घ्या, म्हणजे असं काही झाल्यावर तुम्ही पैसे घालवणार नाही. आताच्या फोनमध्ये प्रत्येक फाइल कुलूपबंद असते आणि कुलपाच्या किल्ल्या फोनच्याच चिपच्या भरवशावर असतात. फोन पुसला जातो तेव्हा आधी त्या किल्ल्या नष्ट होतात. मागे काही उरलंच तर तो अर्थहीन आकड्यांचा ढीग, कुठल्याच सॉफ्टवेअरला न वाचता येणारा. दहा-बारा वर्षांपूर्वी मेमरी कार्डातून उडालेले फोटो मी काढून दिलेत. तो काळ गेला. हे मी त्याला सांगितलं, पण मन मानेना. त्यानं मोठ्या शहरातल्या एका दुकानाकडे फोन पाठवला. त्यांनी आगाऊ पैसे घेतले आणि महिन्यानं फोन तसाच परत आला. त्या दुकानाला हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही.

चाळीसांतला एकच अभंग वाचला, कारण तो त्यानं बेळगावच्या मामेभावाला व्हॉट्सॲपवर पाठवला होता.

आता यातून सुटायचं कसं. पिक्सेलवर, म्हणजे गूगलच्या स्वतःच्या फोनवर, बीटा असेल आणि तुम्हाला डेटा न घालवता बाहेर पडायचं असेल तर थांबायला लागतं. बाहेर पडण्याचं बटण दाबलं तरी चालेल, पण त्यानंतर येणारं मागे नेणारं अपडेट घ्यायचं नाही. पक्की आवृत्ती आली की ती घ्यायची, काही पुसलं जात नाही. अँड्रॉइड १५ ची पक्की आवृत्ती पिक्सेलवर १५ ऑक्टोबर २०२४ ला आली. त्या पोरानं दीड महिना कळ काढली असती, चवथीची खरेदी रोखीनं केली असती, तर आजोबा त्याच्या फोनमध्ये असते. आणि पक्की आवृत्ती आल्यावरही लगेच बाहेर पडा. नाहीतर फोन आपोआप पुढच्या बीटात शिरतो आणि ही साखळी संपत नाही.

परतीची वाट प्रत्येक वेळी असतेच असंही नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये अँड्रॉइड १३ आला तेव्हा पिक्सेल ६ च्या फोनना पुन्हा १२ वर नेण्याची सोय सुरक्षेच्या कारणावरून बंदच झाली. म्हणून माझी सवय अशी की बीटा टाकण्याआधी मी परत यायचं पान उघडतो, शेवटपर्यंत वाचतो, आणि काय काय जाणार ते वहीत लिहितो. फोटो, नंबर सगळ्यांना आठवतात. रेकॉर्डिंग, नोट्स, स्कॅन केलेले कागद, दोन टप्प्यांच्या लॉगिनचे कोड हे कुणाला आठवत नाहीत.

आयफोनचा बॅकअप बीटा टाकल्यावर घेणं

आयफोनवाल्यांची चूक वेगळी. ते बॅकअप घेतात, पण चुकीच्या वेळी.

बीटावर घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीवर परत बसत नाही. आणि बीटा टाकल्यावर रात्री फोन चार्जिंगला लावला की आयक्लाउडवर बीटाचा बॅकअप आपोआप जातो. मग मागे यायचं ठरलं की फोन जुन्या आवृत्तीवर येतो खरा, पण त्यावर बसवायला काही उरत नाही.

म्हणून बीटा टाकण्याच्या आदल्या दिवशी फोन वायरनं संगणकाला जोडा आणि बॅकअप तिथं घ्या. ‘एन्क्रिप्ट’ची खूण करा, नाहीतर पासवर्ड आणि आरोग्याची माहिती त्यात येत नाही. तो पासवर्ड कागदावर लिहा. विसरलात तर बॅकअप उघडणार नाही, आणि मलाही तो उघडता येणार नाही. मॅकवर त्या बॅकअपवर उजवी टिचकी मारून ‘अर्काइव्ह’ करा, म्हणजे पुढचा बॅकअप त्याच्यावर लिहिला जात नाही. या सगळ्याला मला पाऊण तास लागतो. या पाऊण तासाचा कंटाळा करणारा माणूस बीटासाठी तयार नाही असं मी समजतो.

मागे यायचं तर संगणक लागतोच आणि फोन पूर्ण पुसला जातो. आवाज वाढवायचं बटण, कमी करायचं बटण, मग बाजूचं बटण दाबून धरायचं, आणि केबलचं चित्र दिसलं की रिस्टोअर. आयफोन ८ पासून पुढच्या सगळ्यांना हीच पद्धत.

घड्याळाचं मात्र लक्षात ठेवा: ॲपल वॉचवर बीटा टाकलात तर घरी बसून मागे येता येत नाही. घड्याळावर मी कुणाला बीटा टाकून देत नाही, कितीही आग्रह केला तरी.

एका सोयीसाठी अख्खा बीटा

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये देशात ५जी सुरू झालं. आयफोनवर ते आधी आयओएस १६.२ च्या बीटात आलं, नोव्हेंबरमध्ये. एअरटेलनं सुरुवातीला घेतलेल्या आठ शहरांत गोव्यातलं एकही नव्हतं. तरी माझ्या ओळखीच्या सहा जणांनी बीटा टाकला. कोपऱ्यात ५जी ची अक्षरं दिसावीत म्हणून. पक्की आवृत्ती १३ डिसेंबरला सगळ्यांना मिळाली, म्हणजे त्यांनी महिन्याभरासाठी हा सगळा उपद्व्याप केला. मोडेमचं, म्हणजे फोनमधल्या रेंज पकडणाऱ्या भागाचं, सॉफ्टवेअरही प्रणालीबरोबरच बदलतं. आधीच जिथं एक कांडी रेंज येते अशा वाळपईच्या आतल्या गावात राहणाऱ्यानं तर रोजच्या फोनवर कच्चा मोडेम घेऊच नये.

काही लहान चुका, पटापट

पहिल्या दिवशीचा पहिला बीटा टाकू नका. ॲपलचा पब्लिक बीटा साधारण जुलैत येतो, तोवर थांबा. मी स्वतः तिसऱ्या-चौथ्याच्या आधी हात लावत नाही.

व्हॉट्सॲपचा बीटा वेगळा आणि फोनचा बीटा वेगळा. एक ॲप बिघडलं तर ते काढून टाकता येतं.

टेलिग्रामवर मिळालेली फाइल फोनवर मारू नका. ‘एका क्लिकमध्ये’ असं लिहिलेली तर मुळीच नको. त्यासाठी बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना प्रणाली सुरू करणारा भाग, उघडला की फोन आधी पुसला जातो, आणि सॅमसंगच्या फोनवर अशी अनधिकृत फाइल मारली की त्या कंपनीचा सुरक्षेचा फ्यूज कायमचा उडतो, मग खाजगी फाइलींचा सिक्युअर फोल्डर पुन्हा चालत नाही. कुणी परत लॉक करून दिला तरी तो फ्यूज जोडला जात नाही.

लाईट जाण्याबद्दल सगळे विचारतात. लाईटबरोबर वायफाय गेलं तर काही बिघडत नाही. पिक्सेलसारख्या बऱ्याच फोनमध्ये प्रणालीच्या दोन जागा असतात. नवं अपडेट रिकाम्या जागेत लिहिलं जातं, तुमचा फोन जुन्यावर चालत राहतो. धोका आहे तो डेस्कटॉपला वायर लावून फ्लॅश मारताना, म्हणजे संगणकावरून प्रणाली फोनवर लिहिताना. जूनच्या वाऱ्यात माड तारेवर पडला आणि संगणक मध्येच बंद झाला तर फोन अर्धवट राहतो. हे काम बॅटरी भरलेल्या लॅपटॉपवर करा.

फोन दोन दिवस तापतो, बॅटरी लवकर उतरते म्हणून तिसऱ्याच दिवशी रीसेट मारू नका. नव्या आवृत्तीनंतर फोन आतून सगळ्या फाइलींची नव्यानं यादी करत असतो.

बिघाड कळवायचा नाही, तर टाकला कशाला?

बीटा टाकणाऱ्यांतले बहुतेक जण एकदाही बिघाड कळवत नाहीत. मित्राला दाखवतात, शिव्या घालतात, पुढच्या बीटाची वाट बघतात. आयफोनवर त्यासाठी ‘फीडबॅक असिस्टंट’ असतं, पिक्सेलवर बीटा फीडबॅकचं ॲप असतं. ‘फोन हँग होतो’ असं लिहून उपयोग नाही. कुठल्या आवृत्तीवर, कुठल्या ॲपमध्ये, काय केल्यावर, किती वेळा, असं लिहायचं, आणि पडद्याचा फोटो जोडायचा.

आपण मराठी वापरणाऱ्यांनी तर हे करायलाच हवं, कारण आपल्या लिपीतला दोष परदेशात बसलेल्या माणसाला दिसणारच नाही. माझ्या जुन्या फोनवर एका बीटात ‘दुसऱ्या’ आणि ‘वाऱ्यावर’ असे शब्द फुटायला लागले. ‘ऱ्या’ जोडून यायच्या ऐवजी ‘र’ खाली टिंब घेऊन वेगळा पडायचा आणि पुढं ‘्या’ लोंबकळायचा. फक्त सूचनांच्या पट्टीत, आणि फक्त ठळक अक्षरांत. संदेश उघडला की बरोबर दिसायचं. मी तेच तेवढं लिहिलं: चार शब्द, चार फोटो, पट्टीतला एक आणि आतला एक अशा जोड्या लावून. दोन बीटांनंतर ‘दुसऱ्या’ नीट दिसू लागला. माझ्या कळवण्यानं की आणखी कुणाच्या, ते कळायला मार्ग नाही. वहीत मी त्या दिवसाची तारीख घातली आणि शेजारी ‘ऱ्या’ लिहून त्याभोवती गोल केला.