हॉस्टेलच्या नेटसाठी विंडोज निवडताना: तयारीची यादी

आधी कॉलेजचं नेटवर्क कसं आहे ते विचारा, मग विंडोजची एडिशन (होम की प्रो) ठरवा. उलटं करू नका. हॉस्टेलच्या नेटवर्कची एक सूचनापत्रिका असते. ती कंटाळवाणी असते, तरी शेवटपर्यंत वाचा. वायफायला प्रत्येकाचं वेगळं युजरनेम-पासवर्ड लागतं का, लॅपटॉपचा मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) आधी नोंदवावा लागतो का, आणि त्यांचं तपासणीचं सॉफ्टवेअर टाकल्याशिवाय नेट सुरूच होत नाही असं आहे का, एवढं त्यातून काढायचं. ते सॉफ्टवेअर लिनक्सवर मिळत नसेल तर लिनक्सप्रेम थोडं बाजूला ठेवून ड्युअल बूट करा, म्हणजे त्याच लॅपटॉपवर विंडोजही ठेवा. अ‍ॅपलच्या मॅकवाल्यांना एडिशनची भानगडच नाही, त्यांनी होम-प्रोचा भाग सोडून पुढे जावं.

होम की प्रो? होम. बहुतेकांसाठी होम. 'नेटवर्किंगसाठी प्रो लागतं' हे वाक्य ऑफिसांसाठी खरं आहे, हॉस्टेलच्या खोलीसाठी नाही. प्रोमध्ये डोमेनला (संस्थेच्या सगळ्या मशीन एका जागेवरून सांभाळायची व्यवस्था) जोडता येतं, ग्रुप पॉलिसी (सेटिंग एकगठ्ठा लादायची सोय) मिळते, पूर्ण बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारं), हायपर-व्ही (एका मशीनमध्ये दुसरं आभासी मशीन चालवणारं), आणि आपल्या लॅपटॉपवर दुसरीकडून रिमोट डेस्कटॉपने येता येतं. यातलं डोमेन कॉलेज आपल्या लॅबमधल्या मशीनसाठी चालवतं, विद्यार्थ्यांचे लॅपटॉप सहसा त्यात घेतच नाहीत. रिमोट डेस्कटॉपचं म्हणाल तर होमवरून दुसऱ्या मशीनवर जाता येतंच, फक्त होमवर कुणाला येता येत नाही. आणि लॅबमधून खोलीतल्या लॅपटॉपपर्यंतची वाट हॉस्टेलचा फायरवॉल बहुतेक वेळा आधीच अडवून बसलेला असतो. वायफायचं 802.1एक्स लॉगिन (प्रत्येकाच्या वेगळ्या युजरनेम-पासवर्डाचं), नेटवर्क प्रिंटर, फोल्डर शेअरिंग, मोबाइल हॉटस्पॉट हे सगळं होमवर चालतं. अभ्यासक्रमात हायपर-व्ही हवंच असेल तर प्रो घ्या. पण त्यासाठी घ्या, नेटसाठी नको.

शेजारच्या खोलीशी फाइल शेअर करायची म्हणून प्रो घेणाऱ्यांसाठी एक मजा. विंडोज 11 च्या 24एच2 या आवृत्तीपासून प्रोवर एसएमबी साइनिंग (फाइल शेअरिंगच्या प्रत्येक निरोपावर सही) सक्तीचं झालं आणि पासवर्डाशिवायचं गेस्ट शेअरिंग बंद झालं. होमवर ही सक्ती नाही. म्हणजे कुणाच्या तरी जुन्या एनएएस डब्यावरचे (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कवरचे) पिक्चर होमवाल्याला उघडतील आणि जास्त पैसे मोजलेल्याला 'परवानगी नाही' दिसेल. शिवाय हॉस्टेलच्या वायफायवर क्लायंट आयसोलेशन (जोडलेल्या मशीन एकमेकांपासून तोडून ठेवणं) चालू असेल तर कोणतीही एडिशन आणा, एक लॅपटॉप दुसऱ्याला दिसणारच नाही. आणि जुने मार्गदर्शक वाचून होमग्रुप (घरातल्या मशीनमध्ये शेअरिंगची जुनी सोय) शोधत बसू नका. ते 2018 मध्येच विंडोज 10 मधून काढून टाकलं.

खरेदीच्या वेळी खोक्यावरची बारीक अक्षरं बघा. 'एस मोड' असेल तर फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधले अ‍ॅप चालतात, म्हणजे कॉलेजचं तपासणी सॉफ्टवेअर बाहेरून आणून टाकायला गेलात की दार बंद. एस मोडमधून बाहेर पडणं फुकट आहे, पण ते स्टोअरमधून होतं, म्हणजे त्यालाही नेट लागतं. आणि नेट तर त्या सॉफ्टवेअरशिवाय नाही! घरीच बाहेर पडा. परत एस मोडमध्ये जाता येत नाही, त्याचं दुःख कुणाला होत नाही. 'होम सिंगल लँग्वेज' असेल तर नेटवर्कच्या दृष्टीने काही फरक पडत नाही, फक्त डिस्प्लेची भाषा बदलता येणार नाही. विंडोज 10 चा जुना लॅपटॉप नेत असाल तर त्याचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आहे. काही कॉलेजं अशा मशीनला नेटवर्कवर घेत नाहीत. 11 वर जायचं तर टीपीएम 2.0 (लॅपटॉपमधली सुरक्षेची चिप) लागतं, आधी बघून घ्या.

आता नेटवर्क ड्रायव्हर, म्हणजे वायफाय कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर. हे या यादीत पुन्हा पुन्हा येणार आहे, कंटाळा आला तरी वाचा. विंडोज नव्याने टाकलं की वायफाय कार्डचा ड्रायव्हर आपोआप येईलच असं नाही. नवं कार्ड असेल तर बऱ्याचदा येत नाही. मग सेटअप 'नेटवर्कला जोडा' या पडद्यावर येतो, यादी रिकामी, आणि पुढे जायचं बटण मेलेलं. विंडोज 11 होमला पहिल्या सेटअपलाच इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. 22एच2 पासून वैयक्तिक वापराच्या प्रोलाही. पळवाटा होत्या, त्या मायक्रोसॉफ्ट एकेक करून बुजवत आहे. ड्रायव्हर नेटवर आहे आणि नेट ड्रायव्हरशिवाय नाही. पातळ लॅपटॉपला केबलचं भोकही नसतं.

म्हणून: ड्रायव्हर पेनड्राइव्हवर. विंडोज पुसायच्या आधी. लॅपटॉपचं मॉडेल बघून अंदाजाने उतरवू नका, कारण एकाच मॉडेलमध्ये कधी इंटेलचं कार्ड असतं, कधी रियलटेकचं, कधी मीडियाटेकचं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्स' उघडा, तिथे लिहिलेलं नाव कागदावर उतरवा, आणि त्याच नावाचा ड्रायव्हर घ्या. नुसती इन्स्टॉलरची फाइल पुरत नाही, सेटअपच्या मधे ती कधी चालते कधी रुसते. झिप सोडवून आतल्या आयएनएफ फाइलींचं (विंडोज ड्रायव्हर यांवरूनच ओळखतं) फोल्डर ठेवा. याहून सोपं म्हणजे चालू विंडोजमधून पीएनपीयुटिल या विंडोजच्याच साधनाच्या एक्स्पोर्ट-ड्रायव्हर आज्ञेने असलेले सगळे ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये काढून घेणं. अडकलात तर सेटअपच्या पडद्यावर शिफ्ट-एफ10 दाबा, आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडते, तिथून पीएनपीयुटिलनेच ते फोल्डर चढवता येतं. दुसरा आधार अँड्रॉइड फोनचा: केबल लावून यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट लॅपटॉपला देणं) चालू केलं की विंडोजला बहुतेक वेळा ते साधं केबलचं नेट वाटतं. केबल डेटावाली हवी, नुसती चार्जिंगची नाही.

आणि खरं सांगायचं तर पहिला सेटअप हॉस्टेलवर करूच नका. हॉस्टेलचं वायफाय ब्राउझरच्या पानावर लॉगिन मागत असेल किंवा सर्टिफिकेट (नेटवर्कचं डिजिटल ओळखपत्र) दाखवत असेल तर अर्धवट सेटअपला ते नीट जमेलच असं नाही. घरच्या साध्या वायफायवर सगळं उरकून, अपडेट संपवून मग निघा. तरीही ड्रायव्हरचा पेनड्राइव्ह बॅगेत. हो, सेटअप झाला असला तरी. पहिल्या सत्रात कुणाचं तरी विंडोज उडतंच, आणि ते तुमचंही असू शकतं.

एडिशन बदलायची असेल तर दिशा लक्षात ठेवा. होमवरून प्रोवर नुसती प्रॉडक्ट की टाकून जाता येतं, पुसावं लागत नाही. प्रोवरून होमवर यायचं तर सगळं नव्याने (आणि नव्याने म्हटलं की काय, ते वर सांगितलं आहे: ड्रायव्हर). प्रोची की विकत घेऊनही नवा सेटअप गुपचूप होमच टाकतो, कारण कंपनीने लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये (मशीनमध्येच बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) होमची की ठेवलेली असते आणि सेटअप ती वाचतो. घाबरू नका, नंतर अ‍ॅक्टिव्हेशनमध्ये की बदला.

कॉलेज एज्युकेशन एडिशन फुकट देत असेल तर लगेच उडी मारू नका. अ‍ॅक्टिव्हेशन केएमएसचं (संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवरून होणारं) आहे का ते विचारा. तसं असेल तर मशीनला कॉलेजच्या सर्व्हरशी संपर्क ठेवावा लागतो, आणि 180 दिवस संपर्क झाला नाही की अ‍ॅक्टिव्हेशन जातं. शिवाय 22एच2 पासून योग्य हार्डवेअरवर एज्युकेशनमध्ये क्रेडेन्शियल गार्ड (पासवर्ड चोरीपासून राखणारं) आपोआप चालू असतं, आणि पासवर्डवर चालणारं जुन्या पद्धतीचं वायफाय लॉगिन मग पासवर्ड जपून ठेवत नाही, परत परत मागत राहतं.

मॅक अ‍ॅड्रेस: वायफायचा वेगळा, केबलचा वेगळा, यूएसबी डोंगलचा आणखी वेगळा. जो वापरणार तो नोंदवा. वायफाय सेटिंगमधलं 'रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेस' बंद ठेवा, नाहीतर नोंदवलेला एक आणि दाखवलेला भलताच.

पोचल्यावर: युजरनेम @ च्या पुढच्या भागासकट पूर्ण टाका. सर्टिफिकेट नाकारलं तर आधी घड्याळ बघा, ड्युअल बूटवाल्यांचं हमखास काही तास पुढेमागे असतं. नेटवर्कचा प्रकार 'पब्लिक'च ठेवा. इंटरनेट कनेक्शन शेअरिंग (आपलं नेट दुसऱ्यांना वाटणारी सोय) चुकीच्या बाजूला, म्हणजे हॉस्टेलच्या नेटवर्ककडे, चालू करू नका. तुमचा लॅपटॉप अख्ख्या मजल्याला 192.168.137 ने सुरू होणारे पत्ते वाटू लागतो, शेजाऱ्यांचं नेट जातं आणि नेटवर्कवाले तुमचा पोर्ट बंद करतात.

डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप) चालू असेल तर ते उघडणारी रिकव्हरी की कागदावर. बॅकअप वेगळ्या डिस्कवर. चार्जर, लांब लॅन केबल, बाकी तुमचं तुम्ही बघा.